चूक बोटाची नव्हती

दुपारची भांडी पालथी घालून झाली असतील. कुणी शेंगा फोडत बसली असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज मी तुम्हाला एक इतिहास सांगणार आहे. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. मोबाईलवरून शिकवणाऱ्या ॲपचा हा इतिहास आहे. पण सुरुवात आमच्याच गटातल्या एका गोष्टीपासून करते, कारण वर्ष होत आलं तरी ती माझ्या मनातून जात नाही.

आमच्या गटात एक मावशी आहेत. नाव सांगत नाही, पण तुमच्याही गटात अशी एक मावशी असणारच. वय साठीच्या आसपास, शाळा दुसरीपर्यंत, शेळ्या सात. गेल्या उन्हाळ्यात शेळीपालनाचं प्रशिक्षण आलं. पूर्वी प्रशिक्षण म्हणजे सतरंजी, फळा, चहा आणि साहेब असायचे. या वेळी फोनवर एक ॲप आलं. सहा धडे बघायचे, प्रत्येक धड्यानंतर पाच प्रश्न सोडवायचे, की प्रमाणपत्र मिळणार. आणि प्रमाणपत्र असेल तरच गटाच्या कर्जाच्या यादीत नाव लागणार.

मावशी पहिल्या दिवशी हौसेनं बसल्या. आधी फोनवर चार आकडे आले, ते दुसऱ्या पानावर भरायचे होते. आकडे बघायला त्या मागं गेल्या, तर भरायचं पान गेलं. तीनदा तसंच झालं. मग धडा लागला. धडा छान होता, पण संपल्यावर पडद्यावर शब्द आला, 'प्रतिसाद नोंदवा'. आता प्रतिसाद म्हणजे काय आणि तो नोंदवायचा कुठं? कोपऱ्यात तीन आडव्या रेघा होत्या, एक दात्यांचं चक्र होतं. प्रश्नाला तीस सेकंदांची वेळ होती आणि वर घड्याळ उलटं पळत होतं. उत्तर चुकलं की लाल फुली यायची आणि भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की ओसरीवरची पोरं हसायची. चौथ्या भोंग्याला मावशींनी फोन पदराखाली घातला आणि मला म्हणाल्या, "बाई, माझी बोटंच जड हायेत. मला न्हाई हे जमायचं."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मावशी, द्या नातवाकडं. तो करील पटापटा."

नातवानं खरंच पटापटा केलं. एका संध्याकाळी सहाही धडे पुढं ढकलले, प्रश्नांची उत्तरं अंदाजानं दाबली, चुकली तर परत दाबली. प्रमाणपत्र आलं. मावशींनी ते गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलं. मग आषाढात पहिला जोराचा पाऊस झाला, कोवळं गवत उगवलं, आणि मावशींची दोन करडं एका रात्रीत गेली. डॉक्टर आले. म्हणाले, हा आंत्रविषार. पावसाळ्याआधी लस टोचली होती का?

ती लस चौथ्या धड्यात होती. मावशींच्या भिंतीवर प्रमाणपत्र होतं, पण चौथा धडा मावशींपर्यंत पोचलाच नव्हता.

तेव्हापासून मी शोधत होते की ही चूक कुणाची. मावशींची? नातवाची? माझी? माझी तर होतीच. पण वाचत गेले, विचारत गेले, तेव्हा कळलं की हाच प्रश्न जगात पुष्कळ लोकांना पुष्कळ वर्षांपासून पडलेला आहे, आणि त्याचं उत्तर शोधण्याची एक रीतसुद्धा तयार झालेली आहे. त्या रीतीला डिझाइन थिंकिंग म्हणतात. नाव इंग्रजी आहे म्हणून दचकू नका. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीला ती रीत येते.

ब्लाउज शिवताना आपण काय करतो? आधी जिचा ब्लाउज तिचं माप घेतो. फक्त फूटपट्टीचं नाही, तिला विचारतोसुद्धा: काखेत काचतं का, हात वर करून पाणी भरायचं असतं का, लेकरू अंगावर पितंय का. मग नेमकं काय हवं ते मनाशी ठरवतो. गळा असा की तसा, दोन-तीन प्रकार डोळ्यांपुढं आणतो. मग कच्चा धावदोरा घालतो, अंगाला लावून बघतो, आणि जिथं ओढ बसते तिथलं उसवतो. पक्की शिलाई सगळ्यांत शेवटी. डिझाइन थिंकिंगमध्ये याच पाच पायऱ्या सांगतात: माणूस समजून घ्या, नेमकी अडचण ठरवा, उपाय सुचवा, कच्चा नमुना करा, तो वापरणाऱ्याच्या हातात देऊन पाहा. आणि ओढ बसली तर परत मागच्या पायरीवर या.

आमच्या मावशींच्या ॲपला कुणी कच्चा टाका घातलाच नव्हता. थेट पक्की शिलाई मारून ते गावात पाठवलेलं होतं.

आता इतिहासाकडं येते. १९५८ साली अमेरिकेतलं एक जोडपं भारतात आलं. चार्ल्स आणि रे इम्स. दोघंही वस्तूंची रचना करणारे, खुर्च्यांसाठी जगात गाजलेले. आपल्या सरकारनं त्यांना बोलावलं होतं, या देशात रचनेचं शिक्षण कसं द्यावं ते सांगायला. ते देशभर फिरले आणि त्यांनी अहवाल लिहिला. त्या अहवालात त्यांनी सर्वांत मन लावून कुठल्या वस्तूविषयी लिहिलं असेल? आपल्या तांब्याविषयी, लोट्याविषयी. त्यांचं म्हणणं असं, की लोटा कुणा एका माणसानं बसून काढलेला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांच्या हातांनी घडत गेला. किती पाणी मावावं, रिकामा असताना आणि भरल्यावर तो कसा तोलावा, हातात, कमरेवर, डोक्यावर कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, घासताना हात आत जावा की नाही, अशा कितीतरी गोष्टी त्या एका आकारात मुरलेल्या आहेत. याच अहवालातून पुढं १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आणि १९६९ साली आपल्या मुंबईत, पवईच्या आयआयटीत, औद्योगिक रचनेचं केंद्र सुरू झालं. पवईचं हे केंद्र लक्षात ठेवा, त्याचं नाव पुढं परत येणार आहे.

लोट्याला घडायला शतकं मिळाली. ॲपला तेवढा वेळ नसतो. मग शतकांचं काम महिन्यांत कसं करायचं? उत्तर एकच: वापरणाऱ्याजवळ जाऊन बसायचं. हे ज्यांनी फार लवकर ओळखलं, त्यांत एक बाई होत्या.

लिलियन गिलब्रेथ. जन्म १८७८, अमेरिकेत. मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवलेल्या, आणि बारा लेकरांची आई. त्या आणि त्यांचे यजमान मिळून कारखान्यांना सल्ला द्यायचे, की कामगाराला कमी थकता काम कसं करता येईल. १९२४ साली यजमान अचानक वारले. जे कारखानदार दोघांना बोलवायचे, ते एकट्या बाईला बोलवेनात. मग बाईंनी आपली तीच विद्या स्वयंपाकघराकडं वळवली. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला स्वयंपाकाची फार आवड नव्हती, त्यामुळं 'मला ठाऊक आहे' असं म्हणायची सोयच नव्हती. शेगडी आणि मोरी किती उंचीवर असावी, हे ठरवण्यासाठी त्यांनी हजारो बायकांना विचारलं. पायानं दाबून झाकण उघडायचा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे, यांचं श्रेय त्यांना देतात. बाईची कंबर दुखते म्हणजे बाई कमजोर, असं तोवर म्हणत. गिलब्रेथबाईंनी दाखवलं, की कंबर दुखते कारण ओट्याची उंची चुकलेली आहे.

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. कंबर चुकत नाही, ओटा चुकतो.

'डिझाइन थिंकिंग' हा शब्द रुळायला त्यानंतर बराच काळ गेला. १९६९ साली हर्बर्ट सायमन या विद्वानानं मांडलं, की रचना करणं हीसुद्धा विचार करण्याची एक पद्धत आहे आणि ती शिकता-शिकवता येते. १९८७ साली पीटर रो यांच्या पुस्तकाचं नावच 'डिझाइन थिंकिंग' होतं. १९९१ साली आयडिओ नावाची कंपनी निघाली, आणि २००५च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात या पद्धतीची शाळाच सुरू झाली. मघाशी सांगितलेल्या पाच पायऱ्या तिथूनच जगभर गेल्या.

पण मला जास्त जवळची वाटली ती बंगळुरूची गोष्ट.

२००५च्या आसपास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात इंद्राणी मेधी नावाची एक तरुण रचनाकार काम करत होती. तिच्यापुढं प्रश्न होता: ज्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना संगणक वापरता येईल का? ती वस्त्यांमध्ये गेली. तिथल्या बायका चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, संगणकाला कधी हातही न लावलेल्या. त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट करायची ठरली. कुठल्या घरी काम आहे, कसलं काम आहे, पगार किती, हे बाईला कुणाला न विचारता बघता यावं. अक्षर एकही नको. चित्रं आणि आवाज यांवर सगळं चालायला हवं.

आता ऐका, त्यात काय काय झालं. 'भांडी घासणे' या कामासाठी भांड्यांचं चित्र काढलं. बायकांना वाटलं, हे स्वयंपाकघर आहे. चित्र जागेचं वाटत होतं, कामाचं वाटत नव्हतं. मग चित्रात नळ काढला, नळातून पाणी पडताना दाखवलं, आणि मग बायकांना कळलं की इथं काहीतरी चाललंय, हे काम आहे. आपल्याला हसू येईल, पण विचार करा. शिकलेल्या माणसाच्या डोळ्याला उभ्या भांड्यातून काम दिसतं, कारण त्याला पुस्तकातली चित्रं वाचायची सवय असते. चित्र वाचणं हीसुद्धा एक शिकलेली गोष्ट आहे.

दुसरं एक कळलं. अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. पगाराचा आकडा, बसचा नंबर, नोटेवरचा आकडा या बायका रोज वाचत होत्या. म्हणून अक्षरं काढली आणि आकडे ठेवले. निरक्षर म्हणून शिक्का मारला, की माणसाला काय येतं तेही दिसेनासं होतं. नकाशाचंही तसंच. रेघारेघांचा नकाशा कुणाला उमगेना, पण ओळखीच्या खाणाखुणा घातल्या की वाट सापडायची. आपण तरी पत्ता कसा सांगतो? वडाच्या झाडापासून डावीकडं, गिरणीच्या मागं.

एवढं करूनही पुष्कळ बायका संगणकापुढं नुसत्या बसून राहायच्या. चित्र कळत होतं, आवाज कळत होता, तरी हात पुढं येत नव्हता. का? खूप बोलल्यावर उलगडा झाला. त्यांना कळत नव्हतं, की या पेटीत मालकिणीच्या घरची माहिती आली कुठून, कुणी घातली, आणि मी बोट लावल्यावर काय होणार. मग एक छोटी नाटुकली चित्रित केली. मालकीण आपल्याला कामवाली हवी असं सांगते, ती माहिती संगणकात जाते, एक बाई तिथं येऊन ती बघते, आणि तिला काम मिळतं. ही फिल्म आधी दाखवल्यावर बायका मोठ्या प्रमाणात स्वतःहून सगळं करू लागल्या. अडचण बोटात नव्हती, भरवशात होती.

पुढं इंद्राणी मेधींनी आणखी एक गोष्ट तपासली. ॲपमध्ये एकात एक डबे असतात. हे दाबा, त्यात ते उघडतं, त्यात अजून काहीतरी. फार न शिकलेल्या माणसाला अशा डब्यात डबा रचनेत वाट काढणं जड जातं, आणि सगळं एका लांब यादीत समोर मांडलं तर सोपं जातं. शाळेत आपण विषय, धडा, उपप्रश्न अशी विभागणी वर्षानुवर्षं गिरवतो, त्यातून ती सवय लागते. ज्यांची शाळा सुटली, त्यांना ती लागलेली नसते. मघाशी पवईचं केंद्र लक्षात ठेवा म्हटलं होतं ना? इंद्राणीताईंची पीएच.डी. तिथलीच.

आता या उलटची गोष्ट. २००५ साली अमेरिकेतून एक मोठी घोषणा झाली, गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, किंमत शंभर डॉलर. यंत्र मोठं गोजिरं होतं, हिरवं-पांढरं, उन्हातसुद्धा पडदा दिसेल असं. प्रत्यक्षात किंमत शंभर डॉलरांत बसली नाही, तरी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं ८ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ साली तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १५ महिन्यांनंतर मुलांच्या गणितात आणि भाषेत लॅपटॉपमुळं फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्राची रचना विचार करून केली होती, यात शंका नाही. पण वर्गात ते उघडल्यावर मुलानं काय शिकायचं आणि गुरुजींनी काय करायचं, याला कच्चा टाका घातलेला नव्हता. वस्तू पोचली, शिक्षण पोचलं नाही. आमच्या मावशींच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र मला पेरूच्या लॅपटॉपसारखं वाटतं.

याच काळात दुसरीकडं वेगळं घडत होतं. आफ्रिकेतला मलावी देश. तिथं पहिलीच्या एकेका वर्गात शंभराच्या पुढं मुलं असतात. वनबिलियन नावाच्या ब्रिटनच्या एका संस्थेनं तिथल्या मुलांसाठी टॅबलेटवर गणिताचं ॲप केलं. शिकवणारा आवाज मुलांच्या चिचेवा भाषेतला. चुकलं तर परत करता येतं, हवं तितक्यांदा. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या निकोला पिचफोर्ड यांनी राजधानी लिलाँग्वेतल्या एका शाळेत ८ आठवडे ते वापरून पाहिलं आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. मुलांचं गणित सुधारलं होतं.

पण मला जो निष्कर्ष सांगायचाय तो २०१९चा आहे. तिथल्या नेहमीच्या वर्गात पहिलीचं वर्ष संपेपर्यंत मुलगे गणितात मुलींच्या पुढं जायचे. ज्या मुली हे ॲप वापरून शिकल्या, त्या मुलग्यांच्या बरोबरीनं शिकल्या. मागं पडल्या नाहीत. मैत्रिणींनो, आपल्याला लहानपणी सांगितलं गेलं, मुलींना गणित येत नसतं. शंभर मुलांच्या वर्गात हात वर करायला जी लाजते, ती कानाला हेडफोन लावून, कुणी न हसता, दहादा चुकून अकराव्यांदा बरोबर करते. भोंगा वाजत नाही, पोरं हसत नाहीत. ॲपमधला भोंगा ही बारीकशी गोष्ट वाटते, पण पोरगी टिकेल की उठून जाईल, ते त्यावर ठरू शकतं.

मग आली टांझानियातली मोठी परीक्षा. २०१४ साली दीड कोटी डॉलरची एक स्पर्धा जाहीर झाली. ग्लोबल लर्निंग एक्स प्राइझ. अट अशी, की शाळा आणि शिक्षक हाताशी नसलेल्या मुलांना स्वतःहून वाचन, लेखन, गणित शिकता येईल असं ॲप करा. पाच संघ शेवटच्या फेरीत आले, त्यांतला एक आपल्या बंगळुरूचा. टांझानियाच्या टांगा भागातली १७० गावं आणि सुमारे २७०० मुलं निवडली. गावोगाव सूर्यप्रकाशावर टॅबलेट चार्ज करायची केंद्रं उभारली. ती सांभाळायला गावातलीच माणसं होती, आणि त्यांत 'मामा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका होत्या. स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई.

सुरुवातीला त्या मुलांतली ७४ टक्के मुलं आपण कधी शाळेत गेलोच नाही असं सांगत होती, आणि ९० टक्क्यांहून अधिक मुलांना स्वाहिलीतला एक शब्दही वाचता येत नव्हता. १५ महिन्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणजे निम्म्यांना अजूनही येत नव्हतं, हेही सांगायला हवं. ॲप म्हणजे जादूची कांडी नव्हे, गुरुजींची जागा ते घेत नाही. पण गणितात पाचही ॲप मुलींना आणि मुलग्यांना सारखीच उपयोगी पडली, आणि पाचही ॲप कुणालाही फुकट वापरता येतील, बदलता येतील अशी खुली केली गेली.

२०१९च्या मे महिन्यात बक्षीस दोघांना विभागून मिळालं. एक वनबिलियन. दुसरं 'किटकिट स्कूल', इनुमा नावाच्या संस्थेचं. इनुमा सुरू करणाऱ्या सूइन ली या मूळच्या दक्षिण कोरियाच्या. आधी त्या व्हिडिओ गेम रचायच्या. त्यांचा मुलगा जन्मतः अपंगत्व घेऊन आला. या लेकराला शिकायला सोपं जाईल असं काय करता येईल, या प्रश्नातून २०१२ साली त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी ही संस्था काढली. ज्या मुलाला सगळ्यांत अवघड जातं, त्याच्यासाठी आधी रचना करायची. त्याला जमलं की बाकीच्यांना जमतंच. विहिरीचा दोर आपण सगळ्यांत ठेंगण्या बाईच्या हाताला पोचेल असा बांधतो. उंच बाईची त्यात काही गैरसोय होत नाही.

आपल्याकडंही असे प्रयत्न झाले. २०१९ साली गूगलनं 'बोलो' नावाचं वाचन शिकवणारं ॲप आणलं. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, अडलं की सांगतं. बाजारात आणण्याआधी ते उत्तर प्रदेशातल्या २०० गावांत वापरून पाहिलं होतं. एकदा फोनमध्ये घेतलं की इंटरनेट नसतानाही चालतं, कारण गावात रेंज कशी असते ते तिथं गेल्यावरच कळतं. २०२० साली ते दुसऱ्या नावानं मराठीतही आलं.

एवढा इतिहास का सांगितला? कारण हा सगळा इतिहास ऐकल्यावर आम्ही गटात एक प्रयोग केला. तेच शेळीपालनाचं ॲप परत उघडलं. नियम तीनच ठेवले. एक, फोन वापरणाऱ्या बाईच्याच हातात राहील, दुसरीनं बोट लावायचं नाही. दोन, 'अगं असं नाही, तसं' म्हणायचं नाही. तीन, बोट जिथं थांबेल, तिथं एकीनं वहीत लिहायचं.

नियम मोडायची फार इच्छा होते, हे आधीच सांगते. मी स्वतः हात पाठीमागं बांधून बसले होते. दोन तासांत सात बायका झाल्या आणि वहीत नऊ ठिकाणं आली. 'प्रतिसाद नोंदवा' या शब्दाशी सातच्या सात अडल्या. आमच्यातली एक बारावी झालेली आहे, तीसुद्धा. तीन रेघांच्या खुणेला पाच जणींनी हातच लावला नाही. तीस सेकंदांच्या घड्याळाला सगळ्या घाबरल्या. त्या दिवशी मावशी वहीकडं बघून म्हणाल्या, "म्हंजी ही बारावीवालीबी अडली?" आणि बऱ्याच दिवसांनी मोकळं हसल्या.

ती नऊ ठिकाणं आम्ही पत्रात लिहून ॲप करणाऱ्यांना पाठवली. 'प्रतिसाद नोंदवा'ऐवजी 'उत्तर द्या' लिहा, घड्याळ काढा, भोंगा काढा, धडा वाचून दाखवायचा आवाज ठेवा, आणि आकडे भरायचं पान मागं गेल्यावर पुसू नका. दोन महिन्यांनी भोंगा गेला. घड्याळ अजून आहे. दुसरं पत्र लिहिणं चालू आहे, या वेळी शेजारच्या दोन गावांतल्या गटांच्या सह्या घेऊन.

तुमच्या फोनमध्ये बँकेचं, आरोग्याचं, बचत गटाचं, मुलांच्या अभ्यासाचं असं एखादं ॲप असेलच. येत्या बैठकीत ते उघडा. सगळ्यांत जी घाबरते तिच्या हातात आधी द्या. बाकीच्यांनी गप्प बसा आणि वहीत लिहा. मग ती वही पुढं पाठवा, आणि एक प्रत आपल्या या रेडिओ केंद्रावरही आणून द्या. आपण ती वाचून दाखवू.

राहिली मावशींची गोष्ट. भिंतीवरचं प्रमाणपत्र त्यांनी काढलं नाही. पण गेल्या महिन्यात, वैशाखातच, त्यांनी फोन घेऊन मला ओट्यावर बसवलं आणि चौथा धडा सुरुवातीपासून लावला. दोनदा थांबवला, एकदा मागं नेला. सगळं आपल्या बोटानं. मग उठल्या आणि दवाखान्यात फोन करून विचारलं, लस टोचायला डॉक्टर कधी येणार. सातही शेळ्यांना लस झाली. आता आषाढ येतोय, गवत उगवलंय.

पुढच्या मंगळवारी याच वेळी भेटू. तोवर वही काढून ठेवा. नमस्कार.